परी परत का येते

परी रोज दारातून बाहेर जाऊन रोज परत येत राहिली, तर हेमांगी मेथरच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. टेकाडावरचं कंपनीचं घर, ज्याच्या स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो आणि सासूचं स्वयंपाकघर दिसत नाही. 'ध्वनिविभाग प्रमुख' अशी पितळी पाटी. नवऱ्याच्या बोटीला पर्यटकांची ने-आण करण्याचं बारमाही काम. शिवाय एक गोष्ट तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. उद्यानाला कायमचा परवाना मिळाला, की कंपनी खाडीच्या तोंडापासून खोल समुद्रातल्या खडकांपर्यंत पाण्याखालचे माइक टाकून देणार होती. अख्खा समुद्र कानाला लावून बसता आलं असतं. हेमांगीला घरापेक्षा आणि पाटीपेक्षा या माइकांची हाव जास्त होती. हाव ज्ञानाची असली म्हणजे सोवळी असते, अशी तिची समजूत होती.

परीच्या पदरात काय पडणार होतं? बांगडे. तेही रोजच पडत होते.

गोष्ट थोडी पुढच्या काळातली आहे. डॉल्फिन कोंडून ठेवायला बंदी होती आणि डॉल्फिन बघायला गर्दी होती. या दोन्हींचा मेळ बसवायचा, तर कायद्याला कुठेतरी फट हवी. ती फट 'खुलं दार' या नावाने आली. नियम असा, की समुद्रातच जाळीचं मोठं आवार करा, त्याला दार ठेवा आणि रोज ठरावीक वेळ ते सताड उघडा. जनावर बाहेर गेलं आणि आपणहून परत आलं, तर ते राजीखुशीने राहतं असं समजलं जाईल. हंगामभर हे घडलं आणि शेवटच्या तपासणीला सरकारी आयोगाच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं, की परवाना कायमचा. राजीखुशी कशी मोजायची, हा प्रश्न माणसांच्या लग्नातसुद्धा आजवर कुणाला सुटलेला नाही. डॉल्फिनच्या बाबतीत तो असा एका दारात सुटला.

मालवणच्या दक्षिणेला वायंगणखोल नावाच्या गावी खाडीच्या तोंडाशी असं एक आवार होतं. त्याचे आणि कंपनीचे मालक प्रभाकर राऊळ. गाव त्यांना दादा म्हणे आणि मागून आणखी काहीबाही म्हणे. जाळ्यात सापडून जखमी झालेल्या दोन डॉल्फिन त्यांनी आणल्या, खर्च करून बऱ्या केल्या आणि मग त्यांना सोडायचं राहून गेलं. इकडची माणसं डॉल्फिनला गादा म्हणतात, पण तिकीट काढून गादा बघायला कोण येणार? म्हणून थोरलीचं नाव जुई पडलं आणि धाकटीचं परी. जुई गेल्या पावसाळ्यात फुप्फुसाच्या दुखण्याने गेली. उरली परी.

त्या दोघींना मुळात नावं ठेवायची गरज नव्हती, हे हेमांगीला ठाऊक होतं. डॉल्फिनला नाव असतंच. पिल्लू लहान असतानाच आपली अशी एक शीळ तयार करतं. वर चढणारी, मध्येच मोडणारी, शेवटी गिरकी घेणारी, कशीही, पण कळपात दुसऱ्या कुणाची नसलेली. ती शीळ जन्मभर टिकते. डॉल्फिन एकटी पडली, कळपापासून तुटली, की हीच शीळ पुन्हा पुन्हा घालते, म्हणजे 'मी इथे आहे'. दुसरीला शोधायचं असेल, तर ती दुसरीच्या शिळेची नक्कल करते. आपण हाक मारतो तसंच ते. एकदा ओळखीची झालेली शीळ डॉल्फिन वर्षानुवर्षं विसरत नाही. एवढ्या काळात माणसं सख्ख्या मेहुण्यांची नावं विसरतात.

कंपनीत इंजिनियर असलेल्या हेमांगीने केलेलं यंत्र एवढंच करायचं. पाण्यातल्या शिळा ऐकायच्या, ओळखायच्या आणि कोणाची ते सांगायचं. राऊळदादांनी त्याला आवाराच्या काठावर एक मोठा फळा जोडून दिला. परीने आपली शीळ घातली, की फळ्यावर अक्षरं उजळत, 'परी'. पर्यटक टाळ्या वाजवत. आपलं नाव सांगितल्याबद्दल इतक्या टाळ्या जगात दुसऱ्या कुणाला पडत नसतील.

आता आयोगाची आणखी एक अट होती. दार उघडं असताना ऐकण्याची यंत्रणा चालू होती, याचा पुरावा हवा. म्हणून हेमांगीने धक्क्याच्या कोपऱ्यात पाण्याखाली एक स्पीकर बसवला. दार उघडलं, की तो थोड्या थोड्या वेळाने एक ठरलेली शीळ वाजवायचा, माइक ती पकडायचे, यंत्र ती ओळखायचं, म्हणजे सगळं ठीक. कोणती शीळ वाजवायची? परीची वाजवली, तर खरी परी कोणती आणि स्पीकरची कोणती हा घोळ होणार. मग जुईची घेतली. जी नाहीच, तिचं नाव वापरलं की घोळ कसला? शिवाय जुईचं एक ध्वनिमुद्रण फार स्वच्छ होतं, मागे ना लाटेचा आवाज ना बोटीचा. स्पीकरची शीळ खडकांवर आपटून परत येई, तो घोळ टाळायला हेमांगीने यंत्राला एक चाळणही लावली, की या आकाराचा आवाज आला तर तो चाचणीचा समजून गाळायचा, फळ्यावर दाखवायचा नाही. सगळं कसं नीटनेटकं. इंजिनियर माणूस चुकतो तो असा नीटनेटका चुकतो.

परी हंगामभर बाहेर गेली आणि परत आली. वर्तमानपत्रांत फोटो आले. 'तिला सोडून जायचंच नाही!' असं राऊळदादा प्रत्येकाला सांगत आणि सांगताना डोळ्यांच्या कडा टिपत. त्या ओल्या नसत.

तपासणीला आठवडाभर उरला असताना एका ट्रॉलरचा नांगर घसरला आणि स्पीकरची केबल तोडून गेला. नवी केबल गोव्याहून यायची होती. तोवर स्पीकर मुका.

त्याच दिवसांत परी लहरी झाली. बाहेर गेली ती दार बंद व्हायच्या बेताला आली. दुसऱ्या दिवशी त्याहून उशिरा. आली, तरी बांगड्यांच्या टोपलीकडे न जाता धक्क्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राही, पाण्यात उभं राहता येतं तशी.

"रुसलीय," राऊळदादा म्हणाले. "पोरींचं असंच असतं. बांगड्याऐवजी सुरमई घालून बघा."

सुरमई घातली. परीने ती खाल्ली आणि पुन्हा कोपऱ्यात गेली.

हेमांगीला वाटलं, नांगराने माइकचीही वाट लावली असणार. माइक तपासायचा, तर कच्चा आवाज ऐकायला हवा. तिने चाळण काढली, हेडफोन कानाला लावले आणि डोळे मिटले. लाटांची घसघस, कोळंब्यांची तडतड, दूरच्या इंजिनाची घरघर. आणि मग, अगदी जवळून, जुईची शीळ.

तिने डोळे उघडून आधी स्पीकरचं बटण पाहिलं. बंद. मग वायर पाहिली. तुटलेली, तिच्याच टेबलावर वेटोळं करून पडलेली. संगणकातून आवाजाची गळती होत असेल म्हणून तिने संगणकही बंद केला आणि माइक थेट हेडफोनला जोडला. पुन्हा शीळ आली. पुन्हा. पुन्हा.

अंगावर काटा येतो तो असा. पण हेमांगी मूळची चौकस, काट्यापेक्षा प्रश्न मोठा झाला. संगणक पुन्हा लावून तिने दोन्ही शिळांचं चित्र पडद्यावर शेजारी शेजारी मांडलं, मुद्रणातली जुईची आणि आत्ता पाण्यातून आलेली. चढ तोच, मोड तीच. शेवटची गिरकी मात्र वेगळी होती, जरा लांबवलेली, जरा खालच्या पट्टीतली. गिरकीची ती ढब तिच्या ओळखीची होती. तशी गिरकी परी घ्यायची. आपण दुसऱ्याचं नाव आपल्याच आवाजात घेतो, तसं ते होतं.

परी जुईला हाक मारत होती.

आणि ती हंगामभर मारत होती. चाळण प्रत्येक हाक चाचणीचा पडसाद म्हणून गाळत होती. दार उघडे, परी बाहेर जाई, आणि तिच्या पाठीमागून, आवाराच्या कोपऱ्यातून, गेलेली जुई बोलायला लागे, 'मी इथे आहे, मी इथे आहे.' मग परी परत येणार नाही तर काय करणार?

हेमांगीने हेडफोन काढून ठेवले. ते स्वच्छ मुद्रण कधीचं, हे तिला आता आठवलंच. जुई आजारी पडल्यावर तिला परीपासून वेगळं काढून काठावरच्या सिमेंटच्या टाकीत ठेवलं होतं. टाकीत लाट नव्हती, बोट नव्हती, दुसरं कुणीच नव्हतं. म्हणून आवाज इतका स्वच्छ. एकटी पडलेली डॉल्फिन करते तेच जुई करत होती, आपलं नाव सांगत होती. आणि हेमांगी टाकीच्या काठावर माइक धरून बसली होती आणि इतकं छान मुद्रण मिळालं म्हणून मनातून खूष झाली होती.

घरी जेवताना तिने सगळं सांगून टाकलं. तिचा नवरा निशिकांत बोटवाला. त्याने नवी बोट रंगवून घेतली होती आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हौसेने 'परी' असं लिहूनही घेतलं होतं.

"परत येता ना पण?" तो म्हणाला.

"येते."

"मगे? कित्याक येता ह्याच्याशी आयोगाक काय करूचा आसा? मीव घराक येतंय. कित्याक येतंय ता कोण इचारता?"

"तू येतोस तो जेवायला," हेमांगी म्हणाली.

"मगे तीव जेवकच येता! सुरमई घालतत तिका. माझ्या ताटात बघ, बांगडोच आसा."

सासू, तिला घरात सगळे आये म्हणत, इतका वेळ कढीत भात कालवत गप्प होती. राऊळदादांच्या पाहुण्यांसाठी तिने मागच्या दारी तीन खोल्या बांधल्या होत्या, संडासाला टाइल्सही लावल्या होत्या, त्यामुळे गप्प बसणं तिच्या फायद्याचं होतं. पण फायदा आणि जीभ यांत तिची जीभ नेहमी जिंकत आली होती.

"मी तुझ्या सासऱ्याचा नाव जन्मात एकदाच घेतलंय," ती म्हणाली.

"लग्नात उखाणा घेतला असशील की," हेमांगी म्हणाली.

"तेव्हा बायकांनी घेवक लायल्यानी, ता काय घेणा न्हय. तो घरात आसलो, तेव्हा नाव कित्याक घेव? 'ऐकलां काय' म्हटला की भागता. एकदा वादळात होडी गावाक इली नाय. दोन रात्री. तेव्हा बांधार उभी रवान नाव घेतलंय. मोठ्यान. सगळ्या गावासमोर."

"आणि मग?"

"मगे काय! तो वेंगुर्ल्याक मावसभावाकडे कोंबडी खाईत बसलेलो. इलो तिसऱ्या दिवशी, पोट सुटान. गाव माका वर्सभर चिडवी होता."

निशिकांत हसला. हेमांगीही हसली. आयेने भाताचा घास घेतला आणि चावून झाल्यावर म्हणाली, "तो इलो म्हणान तुमी हसतास."

निशिकांतने बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला.

सकाळी हेमांगी राऊळदादांकडे गेली. ओरडा खायची तयारी करूनच गेली होती. पण दादा ओरडले नाहीत. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उजाडलं ते पाहून हेमांगीला कळेना, की आपण त्यांना वाईट बातमी दिली की चांगली.

"म्हणजे ही शीळ वाजवली की ती येते."

"हो."

"कुठूनही?"

"ऐकू येईल तिथून. पाण्यात आवाज लांब जातो."

"आणि दुसऱ्या कुठल्या गाद्याला बोलवायचं असेल, तर त्याच्या आईची शीळ? बहिणीची?"

हेमांगीच्या हातातला कप थांबला.

"अगो, तू मला दोष सांगायला आलीस आणि किल्ली देऊन बसलीस!" दादांनी खुर्ची पुढे ओढली. "आयोगाच्या नियमात काय लिहिलंय? जाळं नको, बळजबरी नको, आपणहून आत यायला हवं. आता बघ. तुला खोल समुद्रात माइक हवेत ना? टाकू. तिथल्या कळपांची नावं टिपून घे. पिल्लू कुणाचं, आई कोण. मग आईचं नाव इथे वाजवलं, की पिल्लू आपणहून दारातून आत. रोज बाहेर सोडू, रोज परत येईल. राजीखुशीने! रत्नागिरीपासून कारवारपर्यंत उद्यानं निघतील, आणि प्रत्येकाला तुझं यंत्र लागेल."

"त्यांना फसवून बोलवायचं?"

"फसवून कसलं? बायका माहेरून परत येतात त्या कुणीतरी हाक मारतं म्हणूनच ना? हाक मारणं हा गुन्हा झाला, तर निम्मे संसार आत जातील." दादांचं बोलणं असं होतं, की ऐकताना पटायचं आणि जिना उतरताना खटकायचं. "केबल उद्या येतेय. तपासणीच्या दिवशी स्पीकर वाजला पाहिजे. टेकाडावरच्या घराला रंग कुठला हवा ते सांगून ठेव."

हेमांगी जिना उतरली. तिचे माइक तिला मिळत होते. तिला हवे होते तसेच, हवे होते तिथेच. समुद्रातली प्रत्येक आई आपल्या पिल्लाला कुठली शीळ घालते, ते जगात सगळ्यांत आधी तिला कळणार होतं. आणि कळलं रे कळलं, की ते एका स्पीकरमध्ये भरून कोपऱ्यात टांगलं जाणार होतं. इतके दिवस तिला वाटायचं, की आपण नुसतं ऐकतोय, आणि ऐकल्याने कुणाचं काय जातं?

तपासणीच्या दिवशी आवाराभोवती गर्दी जमली. शाळेची मुलं, पत्रकार, पंचायतीचे सभासद, मागच्या दारच्या खोल्यांत उतरलेले आयेचे पहिलेवहिले पाहुणे. निशिकांतने 'परी' बोट माळ घालून धक्क्याला लावली होती. आयोगातर्फे डॉ. ताहेरा मुकादम आल्या होत्या. उन्हाला टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि माणसाकडे बघण्याआधी वायरींकडे बघायची सवय. केबल नवी आहे, हे त्यांनी बोलण्याआधीच हेरलं.

हेमांगीने त्यांना बाजूला घेतलं आणि चार वाक्यांत सांगितलं. वाक्यं रात्रभर जुळवून ठेवली होती, तरी चौथं अडखळलंच.

डॉ. मुकादमांनी टोपी काढून पुन्हा घातली. "नियमात 'आमिष' म्हणजे अन्न, असं लिहिलंय. आवाजाबद्दल एक अक्षर नाही. स्पीकर चालू ठेवलात, तर मला 'परत आली' असं लिहावं लागेल."

"माहीत आहे."

"बंद ठेवलात, तर यंत्रणा चालू असल्याचा पुरावा नाही म्हणून मी तपासणी पुढे ढकलू शकते. तेही लिहावं लागेल." मग त्यांच्या आवाजातली सरकारी घडी जराशी उलगडली. "पण खरं सांगू? ती काय करेल, हे मलाही बघायचंय. चाळणीशिवाय फळा चालवता येतो?"

"येतो."

"मग पुरावा म्हणून तेवढा पुरे. आणि आत्ता मला सांगितलंत ते बाईसाहेब, नंतर सगळ्यांसमोर सांगावं लागेल, हेही लक्षात घ्या."

भोंगा वाजला. दार उघडलं. परीची पाठ एकदा चमकली आणि ती बाहेर गेली. मुलांनी 'परीऽऽ' असा कल्ला केला. हेमांगी टेबलापाशी बसली. एका हाताशी स्पीकरचं बटण, दुसऱ्या हाताशी चाळणीचं. तिने चाळण काढली. स्पीकरला हात लावला नाही.

वेळ गेला. फळा कोरा. राऊळदादा एकदा घड्याळाकडे, एकदा हेमांगीकडे बघत होते. पंचायतीचे सभासद सावलीत सरकले. निशिकांत माळेतली फुलं नीट करत राहिला.

मग दाराशी पाणी हललं. परी आत आली. टाळ्या पडल्या. राऊळदादांनी छाती फुगवून मोठा श्वास घेतला. परी टोपलीकडे वळली नाही. सरळ धक्क्याच्या कोपऱ्यात, स्पीकरसमोर येऊन थांबली. आणि इतके दिवस ज्याने 'परी' याखेरीज काही दाखवलं नव्हतं, त्या फळ्यावर अक्षरं उजळली.

जुई.

विझली. पुन्हा उजळली. जुई. पुन्हा. जुई. जुई.

कल्ला थांबला. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने आपल्या बाईंना विचारलं, "बाई, जुई कोण?"

बाईंनी राऊळदादांकडे बघितलं. राऊळदादांनी दुसरीकडे बघितलं.

"ह्येंची आदली," मागून कुणीतरी म्हणालं. "मेली ती."

मग मुलांना जे वाचता येत होतं, ते झाकायला मोठ्यांजवळ काही उरलं नाही. परी कोपरा हुंगत होती, वळत होती, परत येत होती. फळा उजळत होता, विझत होता. इतक्या माणसांना एकाच वेळी एकाच गोष्टीची लाज वाटलेली त्या गावाने पूर्वी पाहिली नसावी.

परीने तोंड दाराकडे वळवलं.

"लाव गो ती शीळ!" राऊळदादा टेबलाशी आले होते. आवाज हळू, पण कुजबुजण्यातही हुकूम ऐकू येत होता. "लाव म्हणतो. एकदाच. ती आतच आहे अजून. दार बंद होईपर्यंत फक्त."

हेमांगीने बटणाकडे बघितलं. त्या एका बटणात घर होतं, पाटी होती, माळ घातलेली बोट होती, टाइल्स लावलेला संडास होता आणि खोल समुद्रातले सगळे माइक होते. तिने मान वर केली, तर धक्क्यावरून निशिकांत तिच्याचकडे बघत होता. त्याने मान हलवली नाही, होय म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही. फक्त हातातली माळ सोडून दिली.

तिने हात मांडीवर घेतला.

"हिंमत असेल तर तुम्ही लावा, दादा," ती म्हणाली. "बटण हिरवं आहे. पण मुलांना सांगा आधी, कुणाला बोलावताय ते."

राऊळदादांचा हात पुढे आला. दोन वेण्यांची मुलगी टक लावून बघत होती. हात तिथेच राहिला. प्रभाकर राऊळ वाईट माणूस नव्हता, हे लिहून ठेवायला हवं. आपल्याकडे कुणी बघत नसेल, तेव्हापुरताच तो वाईट होता.

परी दारातून बाहेर गेली. बाहेरचा माइक तिच्या शिळा पकडत राहिला. फळ्यावर जुई, मग थोड्या वेळाने जुई, मग बराच वेळ काही नाही. लोक उठायला लागले होते. एवढ्यात फळा शेवटचा उजळला.

परी.

आणि कोरा झाला.

डॉल्फिन आपलं नाव सांगते ती एक तर एकटी पडल्यावर, नाही तर नवी कुणी भेटल्यावर. यातलं काय झालं, ते ऐकायला लागणारा माइक अजून समुद्रात टाकायचा होता.

दार ठरल्या वेळी बंद झालं. दुसऱ्या दिवशी उघडलं, बंद झालं. परी आली नाही.

आता किंमत म्हणून कुणी काय भरलं, ते सांगायचं राहिलं. राऊळदादांचं विम्याने भागवलं. आवारात आज कालवांची शेती आहे, आणि कालवं दारातून ये-जा करत नाहीत. निशिकांतची 'परी' लांबून गादे दाखवायला नेते. पाण्यावर कुठलीही पाठ दिसली, की तो "तीच ती!" म्हणून बोट दाखवतो आणि लोक खूष होतात. आयेच्या तीन खोल्यांपैकी एकीत भातगोणी आहेत. उरलेल्या दोन खोल्यांतल्या पाहुण्यांना ती ही गोष्ट सांगते, तीत सगळं आयेच्याच लक्षात आलेलं असतं. डॉ. मुकादमांनी नियमात एक ओळ घालायला लावली, 'आमिष म्हणजे अन्न अथवा आवाज', आणि बदली पदरात पाडून घेतली. टेकाडावरच्या घराला रंग लागलाच नाही. हेमांगी सावंतवाडीला कॉलेजात शिकवते. तिचं यंत्र कंपनीच्या कपाटात आहे. समुद्राकडे ती अजून कान लावून असते, पण फुकटात, आणि आपण नुसतं ऐकतो असं आता म्हणत नाही.

पण ही सगळी नंतरची देणी, आणि ज्याची त्याला झेपणारी. पहिलं भरलं ते जुईने. सिमेंटच्या टाकीत ती आपलं नाव सांगत राहिली, कुणीतरी ऐकून येईल म्हणून. तिचं नाव ऐकून परी आलीच. हंगामभर आली, रोज आली, कधी चुकली नाही. आणि प्रत्येक वेळी, ती राजीखुशीने आली असं आम्ही माणसं धरून चाललो.